गाडीवाल्या काकांना विचारा : आधी उंबरा बघा

मागच्या अंकात सहज एक वाक्य लिहून गेलो होतो : जुनी स्पोर्ट्स कार बघायला जाताना इस्त्रीचे कपडे घालू नका, लोळायचे घाला. त्यावर इतकी पत्रं आली की संपादकांनी या वेळचं सगळं सदर या एकाच विषयाला देऊन टाकलं. चार पत्रं निवडली आहेत. पहिल्याला जागा जास्त गेली आहे, कारण त्याने माझी जुनी जखम उघडी केली.

प्रश्न : काका, नमस्कार. मी मूळचा नाशिकचा, गेली अकरा वर्षं इंग्लंडात मिल्टन कीन्सला आहे. वय ४६. रोजच्या कामाला इलेक्ट्रिक गाडी आहे. ती उत्तम आहे, पण ती चालवताना मी काही करतोय असं वाटतच नाही. शनिवार-रविवार टप उघडून हिंडायला एमजीबी रोडस्टर, म्हणजे एमजीची जुनी उघडी इंग्लिश स्पोर्ट्स कार, घ्यायची आहे. सगळे मिळून ९,००० पौंड जमवलेत. दोन गाड्या पाहिल्या. पहिली १९७१ ची, क्रोम बंपरची, लालभडक, नुकतीच रंगवलेली. किंमत ८,९५०. मालक म्हणतो, चाळीस वर्षांवरची गाडी म्हणून एमओटीची, म्हणजे गाडी रस्त्यावर न्यायच्या लायकीची आहे का या वार्षिक तपासणीची, सक्ती नाही, त्यामुळे २०१७ नंतर केलेली नाही. दुसरी १९७८ ची, काळ्या रबरी बंपरची, रंग मोहरीसारखा पिवळा, ड्रायव्हरच्या सीटला चीर. किंमत ६,२००. तिचा मालक निवृत्त शिक्षक. सक्ती नसूनही दरवर्षी एमओटी करतो, वेल्डिंगच्या कामाचे फोटो फाइलला लावून ठेवलेत. माझं मन पहिलीवर बसलंय. मित्र म्हणतात, रबरी बंपरवाली घेतलीस तर लोक हसतील. काय करू?
(एक वाचक, मिल्टन कीन्स)

उत्तर : काका म्हणालास म्हणून अरेतुरे करतो.

तुझं पत्र वाचताना मला १९८७ सालचा मी दिसलो. कोव्हेंट्रीला येऊन आठ वर्षं झाली होती, टूलरूममधली नोकरी पक्की झाली होती आणि हाताशी १,८०० पौंड होते. गाडी १९७२ ची एमजीबी, गडद लाल, वॅक्स लावून अशी चकाकवलेली की तिच्यात बघून भांग पाडावा. मी बॉनेट उघडलं, इंजिनाचा आवाज ऐकला, खूश झालो आणि पैसे मोजले. इंजिन खरोखरच चांगलं होतं, ते आजही कबूल करतो.

दोन हिवाळे गेले आणि एक गंमत सुरू झाली. मी एकटा बसलो की दोन्ही दारं नीट लागायची. बायको शेजारी बसली की तिच्या बाजूचं दार अडकायचं. मी ते बोलून दाखवलं. तिला वाटलं मी तिच्या वजनावरून बोलतोय. घरात दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी गाडीखाली शिरलो, दाराखालच्या पत्र्याला स्क्रूड्रायव्हर टेकवला, तर तो मुठीपर्यंत आत गेला. लांबीचा, म्हणजे खड्डे बुजवायच्या लुकणाचा, बोटभर थर, त्याच्यामागे तारेची जाळी, जाळीमागे वर्तमानपत्राचे बोळे, आणि या सगळ्यावर तो सुंदर लाल रंग. बायकोचा काही दोष नव्हता. गाडीच मधोमध वाकत होती.

तेव्हापासून एमजीबीचं इंजिन मी सगळ्यात शेवटी बघतो.

का, ते समजून घे. या गाडीला खाली वेगळी चासी नाही. १९६२ साली ऑक्सफर्डशेजारच्या ॲबिंग्डनला ती बनू लागली तेव्हापासून तिचं अंग हाच तिचा सांगाडा. वर छप्पर नाही, म्हणजे पुढचा आणि मागचा भाग एकमेकांना धरून ठेवायचं काम दोन्ही दारांखालच्या पोकळ पेट्यांवर येतं. इंग्रज त्याला सिल म्हणतात, मी उंबरा म्हणतो. बाहेरून दिसतो तो एक पत्रा. त्याच्या आत उभा पडदा, त्याच्याही आत आणखी एक पत्रा, आणि तळाशी कॅसल रेल नावाची घड्या घातलेली पट्टी. हिवाळ्यात इथे रस्त्यावर मीठ टाकतात. चाकाने उडवलेला खारा चिखल पुढच्या मडगार्डच्या आत जाऊन बसतो आणि महिनोन्‌महिने ओला राहतो. गंज आतून बाहेर येतो. बाहेर रंगाला फोड दिसला की समज, आतलं कधीच गेलंय.

त्यात भर अशी की हा उंबरा दाराच्या पुढे-मागे मडगार्डांच्या आत शिरलेला असतो. तो नीट बदलायचा तर मडगार्डांचा खालचा भाग कापावा लागतो, पुन्हा जोडावा लागतो. हे आठवड्यांचं काम आहे. घाईतला माणूस काय करतो, कुजक्या उंबऱ्यावर नव्या पत्र्याची टोपी चढवतो आणि स्प्रेगन हातात घेतो.

म्हणून जाताना खिशात फ्रिजवरचं एक चुंबक ठेव, मऊ फडक्यात गुंडाळून, म्हणजे रंगाला ओरखडा जायचा नाही. दाराच्या खाली आणि दाराच्या मागे मडगार्ड जिथे खाली उतरतं तिथे ते फिरव. लांबीवर चुंबक बसत नाही. मग चार पावलं मागे जा आणि बंद दाराच्या मागच्या कडेची फट बघ. ती वरपासून खालपर्यंत सारखी हवी. वर निमुळती झाली असेल तर गाडी खचलेली आहे. त्यानंतर मालकाला विचारून एक बाजू जॅकवर उचल, आणि त्या बाजूचं दार उघडून परत लाव. दार जसं आधी लागत होतं तसंच लागलं पाहिजे. अडकलं, घासलं, कुलूप बसेना, तर मालकाचे आभार मान, चहा दिला असेल तर पी आणि घरी ये. जॅक लावू देत नसेल तर चहासाठीही थांबू नको. (जॅकवरच्या गाडीखाली शिरायचं नाही, आधी स्टँड. हे मी छापून आणतो तरी कोणी ऐकत नाही.)

उंबरा पास झाला की मागे जा. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांची टोकं अंगाला जिथे अडकवलेली असतात तिथला पत्रा ठोकून बघ. सीटच्या मागे गालिचा उचल, तिथे बॅटरीचे खण आहेत. १९७१ च्या गाडीत सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या मुळात असतात, १९७८ च्या गाडीत बाराची एक. पाणी आणि ॲसिड मिळून हे खण चाळणीसारखे होतात.

आता तुझ्या लाल गाडीकडे येतो. मालक बोलला ते खरं आहे. मे २०१८ पासून चाळीस वर्षांवरच्या, मोठे फेरफार न केलेल्या गाडीला एमओटीची सक्ती नाही, रस्ता करही शून्य. पण करू नका असं कायदा कुठे म्हणतो? २०१७ पासून त्या गाडीच्या पोटाखाली कोणी त्रयस्थ माणसाने दिवा धरलेला नाही, आणि मध्येच तिला कोरा रंग मिळालाय. या दोन गोष्टी एकत्र आल्या की माझ्या नाकाला वर्तमानपत्राच्या बोळ्यांचा वास येतो. मालकाला सांग, फी मी भरतो, उद्या एमओटी करून घेऊ. तो काय म्हणतो यापेक्षा किती वेळाने म्हणतो ते बघ.

आधी घरबसल्या दुसरं काम कर. सरकारी संकेतस्थळावर नंबरप्लेटवरचा क्रमांक टाकला की २००५ नंतरच्या सगळ्या तपासण्या फुकट दिसतात : कधी पास, कधी नापास, कशामुळे, आणि त्या दिवशी मैल किती होते. मुलगी बघायला जायच्या आधी आपल्याकडे कुंडली मागवतात, तसं. २०१४ ला ‘उंबरा गंजलेला’, २०१६ ला ‘उंबरा फारच गंजलेला’ आणि पुढे शांतता, असं दिसलं तर तुला प्रवासाचा खर्च वाचेल.

रबरी बंपरची गोष्टही सांगून टाकतो. अमेरिकेत टकरीचे आणि दिव्यांच्या उंचीचे नवे नियम आले. एमजीचा मोठा गिऱ्हाईक तोच देश. म्हणून १९७४ च्या अखेरीपासून गाडीच्या नाकाला काळं जाड बंपर बसलं आणि गाडी सुमारे दीड इंच उचलली गेली. पुढचा अँटिरोल बार, म्हणजे वळणावर गाडीला कलू न देणारा दांडा, तोही सुरुवातीला काढून टाकला. मग वळणावर गाडी बैलगाडीसारखी कलायला लागली आणि तिचं नाव खराब झालं ते आजतागायत. पण १९७७ च्या मॉडेलपासून पुढे आणि मागे दोन्हीकडे अँटिरोल बार आले. तुझी १९७८ ची त्यातली आहे. उंची खुपत असेल तर ती पुढे कधीही खाली घेता येते, सगळं सामान मिळतं. क्रोम बंपर चढवणारेही आहेत. लोक हसतील म्हणतोस, तर लोकांना तू ताशी ५० मैलांनी मागे टाकलेला असशील, हसू ऐकू येणार नाही.

इंजिनाचं थोडं सांगतो, कारण तुझ्या लहानपणी नाशिकच्या टॅक्सी स्टँडवर याचा भाऊ उभा असायचा. एमजीबीत १,७९८ सीसीचं बी-सिरीज इंजिन. आपल्या अँबॅसिडरमध्ये वर्षानुवर्षं होतं ते १,४८९ सीसीचं, याच घराण्यातलं. कोल्हापूरला उद्यमनगरात मी ज्या मिस्त्रींच्या हाताखाली पाने पुसायला लागलो, ते अँबॅसिडरच्या बॉनेटवर कान ठेवून म्हणायचे, ‘वाजणारं टॅपेट (व्हॉल्व्हला ढकलणारा भाग) बरं. गप्प बसलेलं टॅपेट व्हॉल्व्ह जाळतंय.’ एमजीबीलाही हेच लागू. बारीक टिकटिक ऐकू आली तर घाबरू नको. गाडी पूर्ण तापल्यावर, धावताना ऑइलचा दाब चौरस इंचाला ५० पौंडांच्या वर असावा. निळा धूर नको. बाकी हे इंजिन कोणत्याही शहाण्या माणसाला गॅरेजात उघडता येतं आणि त्याचे भाग दुकानात मागावे तसे मिळतात. इतके की १९८८ पासून अख्खं नवीन अंगसुद्धा मूळ साच्यांवर ठोकून मिळतं. त्याची किंमत ऐकलीस की उंबरा आधी बघायला मी का सांगतोय ते कळेल.

दोन गोष्टी चालवून बघ. दुसऱ्या गिअरमध्ये उतरताना खर्रर्र होतं का. आणि ओव्हरड्राइव्ह, म्हणजे त्याच वेगाला इंजिन सावकाश फिरवणारा जोडगिअर, चालतो का. ताशी ५० मैलांवर चौथ्या गिअरमध्ये बटण दाबलं की एका क्षणात इंजिनाचा आवाज खाली यावा, जणू गाडीने सुस्कारा सोडला. ओव्हरड्राइव्ह नसलेली एमजीबी मोटरवेवर डोकं उठवते. तारेची चाकं असतील तर एक चाक उचलून, कोणाला तरी ब्रेक दाबायला सांगून, चाक पुढे-मागे हलव. खट्‌खट् आलं तर आतले दाते झिजलेत.

लाल गाडी घेतलीस तर खिशात ५० पौंड उरतात. पिवळी घेतलीस तर २,८००. त्यातून टायर, पेट्रोलच्या नळ्या, ब्रेकच्या नळ्या, पुढची चाकं ज्यावर वळतात ते किंगपिन, सीट शिवून घेणं आणि क्लासिक गाडीचा ठरलेल्या किमतीचा विमा, एवढं सगळं होऊन पहिल्या उन्हाळ्याचं पेट्रोलही निघेल. नळ्या आठवणीने बदल. सप्टेंबर २०२१ पासून इथल्या साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते जुनं रबर खातं. सुपरच्या पंपावर जात जा.

तेव्हा, चुंबक आणि जॅक पास झाले तर पिवळी घे. घेतलीस की फॉस वेवर ये, कोव्हेंट्रीच्या खालून हा रोमन रस्ता बाणासारखा जातो. तुझी इलेक्ट्रिक गाडी सिग्नलला या बापडीला धूळ चारेल. मूळ गाडीची ताकदच कशीबशी ९५ अश्वशक्तीची. पण टप उघडा असतो, बसायची जागा रस्त्यापासून वीतभर वाटते, आणि ताशी ४५ मैलांना तुला वाटेल आपण उडतोय. परवाना जायची भीती न ठेवता मजा देणारी गाडी आता नव्यात मिळत नाही.

प्रश्न : काका, मी लेस्टरला फार्मसीत काम करते, वय २९. मला पाना कुठला आणि पक्कड कुठली एवढंच कळतं. पण छोटी, उघडी, जुनी स्पोर्ट्स कार हवी आहे, आणि आठवड्यातून दोन दिवस कामालाही न्यायची आहे. १९७६ ची ट्रायम्फ स्पिटफायर आणि १९९२ ची माझ्दा एमएक्स-५, दोन्ही साधारण ५,००० पौंडांत आहेत. स्पिटफायर दिसायला जीव घेते. माझ्दा खरंच ‘क्लासिक’ म्हणायची का?
(एक वाचक, लेस्टर)

उत्तर : पोरी, माझ्दा घे.

स्पिटफायर जीव घेते हे खरं, इटलीच्या मिकेलोत्ती या गाड्यांच्या रचनाकाराने काढलेली रेघ आहे ती. आणि ती माझ्याच गावात, कोव्हेंट्रीच्या कॅनलीत बनली, तेव्हा तिच्याबद्दल वाईट बोलायला माझी जीभ वळत नाही. अख्खं नाक पुढे उलटतं, चाकावर बसून इंजिनाचं काम करता येतं. पण ती रोज थोडं लक्ष मागणारी बाई आहे. तिच्या १,५०० च्या इंजिनात क्रँकशाफ्टला मागे-पुढे सरकू न देणाऱ्या दोन चपट्या चकत्या असतात. त्या झिजून खाली पडल्या तर इंजिनाचा ब्लॉकच निकामी होतो. तपास सोपा आहे : एकाने क्लच दाबायचा-सोडायचा, दुसऱ्याने पुढच्या पुलीकडे बघायचं. पुली डोळ्याला दिसेल इतकी सरकली तर गाडी सोडायची. आणि पुढच्या चाकांच्या ट्रनियनमध्ये, म्हणजे चाक ज्यावर वळतं त्या खालच्या सांध्यात, ग्रीस घालायचं नाही, गिअर ऑइल घालायचं. हे विसरलं तर एखाद्या दिवशी पार्किंगमध्ये वळताना पुढचं चाक आडवं पडतं. हे सगळं तुला मनापासून करावंसं वाटतंय का, कामावर जायच्या सकाळी?

एमएक्स-५ शिकागोच्या मोटर शोमध्ये १९८९ साली पुढे आली. जपान्यांनी इंग्रजांच्या या जुन्या उघड्या गाड्या बघितल्या, त्यातली मजा ठेवली आणि गळणारं ऑइल काढून टाकलं. दोन कॅमचं १.६ इंजिन, इंजिन पुढे, ओढ मागच्या चाकांना, वजन टनाच्या आत, आणि मनगटाच्या एका झटक्यात पडणारे गिअर. असा गिअरचा दांडा मी त्याआधी कुठे हाताळला नव्हता. बटण दाबलं की दिवे बॉनेटमधून बेडकासारखे डोळे काढतात. १९९७ नंतरच्या गाड्यांना ते डोळे नाहीत, म्हणून मला पहिलीच पिढी आवडते. क्लासिक म्हणायची का, तर तीस वर्षांवर झाली आणि लोक तिच्यासाठी पाऊस नसलेली दुपार राखून ठेवतात. आणखी काय पाहिजे?

तिलाही उंबऱ्याचाच रोग आहे, फक्त मागच्या टोकाला. टपावर पडलेलं पाणी दोन नळ्यांतून खाली जातं. त्या नळ्या पानांनी, मातीने तुंबल्या की पाणी उंबऱ्यात उतरतं आणि मागच्या चाकाच्या अगदी पुढे पत्रा कुजतो. तिथे वाकून बघ, हाताने दाब. घेतल्यावर दर शरद ऋतूत नळ्यांमध्ये जाड नायलॉनची दोरी फिरव, पाना लागत नाही. टायमिंग बेल्ट कधी बदलला त्याची पावती माग. गाडीचा मागचा मालक नळ्यांबद्दल आपण होऊन बोलला तर गाडी चांगली असायची शक्यता मोठी. मी तर थेट विचारतो, ‘नळ्या कधी साफ केल्या?’ ‘कुठल्या नळ्या?’ असं उत्तर आलं की मला उत्तर मिळालं.

चाळीस वर्षं भरली नसल्याने एमओटी आणि कर दोन्ही लागतील. एमओटी लागते तेच तुझ्या फायद्याचं. लंडनला जायचं असेल तर तिथल्या प्रदूषण पट्ट्यासाठी गाडीचा क्रमांक आधी टाकून बघ.

प्रश्न : महोदय, मी सातारला राहतो, वय ६७. आमच्या वाड्याच्या पडवीत वडिलांची १९६६ ची स्टँडर्ड हेराल्ड, दोन दारांची, १९९४ पासून उभी आहे. आपण स्पोर्ट्स गाड्यांविषयी लिहिता. ही काही स्पोर्ट्स गाडी नव्हे, पण मुलगा म्हणतो भंगारात द्या, आणि माझा हात होत नाही. ती पुन्हा चालवण्याच्या लायकीची होईल का?
(एक वाचक, सातारा)

उत्तर : आपलं पत्र मी दोनदा वाचलं. वरच्या मुलीला ज्या स्पिटफायरपासून मी परावृत्त केलं ना, ती आपल्या पडवीतल्या गाडीची सख्खी धाकटी बहीण. हेराल्ड १९५९ सालची, रेघ त्याच मिकेलोत्तीची. इंग्लंडात ती ट्रायम्फ आणि मद्रासला बनायची ती स्टँडर्ड. स्पिटफायर हेराल्डच्याच चासीची लांबी कमी करून तिच्यावर बेतली. तेव्हा आपण स्पोर्ट्स गाडीच्या थोरल्या बहिणीला घरात ठेवून बसला आहात आणि मुलगा तिला भंगारात घालायला निघालाय. त्याला हे वाचून दाखवा.

पावसाळा सोडला तर सातारची हवा कोरडी, पडवी झाकलेली, रस्त्यावर मीठ नाही. इथल्या कोणत्याही हेराल्डपेक्षा तिचा पत्रा धड असण्याची शक्यता आहे. हिला खाली वेगळी चासी आहे आणि अंग तुकड्यातुकड्यांनी बोल्टवर बसवलेलं. चासीपासून दोन्ही बाजूंना जे हात फुटतात ते आधी ठोकून बघा, अंगाचा भार त्यांच्यावर असतो. जमिनीलगत ओल धरली असेल तर तिथेच. ते शाबूत असतील तर बाकी सगळं कामाचं आहे.

कृपा करून किल्ली फिरवू नका. तीस वर्षं उभ्या इंजिनाला एकदम स्टार्टर मारला की पिस्टनच्या रिंगा तुटतात. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन चमचे पातळ ऑइल सोडा, आठवडाभर राहू द्या, मग क्रँकपुलीवर पाना लावून हाताने फिरवा. फिरलं तर पेढे वाटा. टाकीतलं जे काही उरलं असेल ते काढून टाका, टाकी धुवा. ब्रेकची रबरं आणि पेट्रोलच्या नळ्या सगळ्या नव्या. आपल्याकडे पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं, जुन्या रबरी नळीचं त्यात वर्षभरात पीठ होईल. इथेनॉल झेलणारी नळी मागून घ्या.

ट्रनियनचं वर लिहिलंय ते आपल्यालाही शब्दशः लागू. गॅरेजवाला ग्रीसगन घेऊन येईल, कारण त्याच्या हाताला ती सवय आहे. त्याच्या हातून ती काढून घ्या आणि गिअर ऑइल द्या. आणि गाडी चालू झाल्यावर कासला जाल तेव्हा यवतेश्वरच्या घाटात एक लक्षात ठेवा : वळणाच्या मधोमध ॲक्सिलरेटर एकदम सोडायचा नाही. या गाडीचा मागचा ॲक्सल पंखासारखा हलतो, भार उडाला की चाकं पोटाखाली मुडपतात आणि मागची बाजू सटकते. वेग वळणाआधी कमी करावा, मग हलकासा दाब ठेवून बाहेर पडावं. वडिलांनाही हे माहीत असणार.

कागदांचं : वडिलांच्या नावाचं आरसी पुस्तक असेल तर आधी वारसाहक्काने नाव बदलून नोंदणी जिवंत करता येते का ते आरटीओत बघा. २०२१ च्या नियमांत ५० वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. पण ती घेतली की रोजच्या वापराला गाडी काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन, एवढ्यापुरतीच. आपल्याला भाजी आणायला न्यायची असेल तर साधी नोंदणीच बरी.

प्रश्न : काका, एकवीस वर्षं स्विंडनला काढून यंदा पुण्याला कायमचा परततोय. १९७२ ची एमजीबी जीटी बारा वर्षं सांभाळली आहे, गेल्या वर्षीच एमओटी विनातक्रार पास झाली. कंटेनरमध्ये टाकून आणू का? स्टिअरिंग उजवीकडेच आहे.
(एक वाचक, स्विंडन)

उत्तर : स्टिअरिंग उजवीकडे असणं हा या सगळ्या व्यवहारातला सर्वांत स्वस्त भाग आहे. आयातीच्या खर्चाचा आणि शुल्काचा आकडा क्लिअरिंग एजंटाकडून लेखी घ्या, तोंडी नको, आणि तो गाडीच्या किमतीशेजारी ठेवून बघा. त्यातून आणलीत तर पुण्यात व्हिंटेज पाटी लावून ती रविवारच्या रॅलीत उभी राहणार, आणि एप्रिलमध्ये लक्ष्मी रस्त्यावर तापमानाचा काटा बघत तुम्ही घामाघूम होणार. तुम्ही ती बारा वर्षं चालवलीत, उभी करून ठेवली नाहीत, हे पत्रावरून दिसतंय.

जीटीला पोलादी छप्पर आहे, उंबऱ्यावरचा भार त्यामुळे वाटला जातो आणि अंग रोडस्टरपेक्षा ताठ राहतं. तरी बाजारात तिची किंमत कमी, हा इंग्रजांचा उन्हाचा हव्यास. माझी एक विनंती आहे. वरचा मिल्टन कीन्सचा गृहस्थ या महिन्यात पिवळ्या गाडीला जॅक लावणार आहे. तिचं दार अडकलं, तर तुमचं पत्र त्याला पाठवू का? टप उघडणार नाही अशी कुरकुर तो करेल. तुम्ही त्याला मागचं दार उघडून दाखवा, आणि फाइल.